एस्प्रेसो आणि बैठक: पावसाळ्यातल्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५, फोंडा

काम गळ्यात पडलं. वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी मास्तरांना 'गोव्यातल्या नव्या कॅफेंवर काहीतरी' हवंय. माझ्या स्वयंपाकघरात एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाने घट्ट कॉफी काढायचं, एक जुनं यंत्र आहे, एवढीच माझी पात्रता. अट माझी मी घातली: साखळीवाली दुकानं नकोत, ज्याचा मालक गल्ल्यावर किंवा निदान आसपास सापडतो अशाच जागा. यादीत बारा आल्या. पणजीत पाच, बार्देशात चार, मडगावात दोन, फोंड्यात एक. वहीत नावं नाहीत, क्रमांकच.

गुणपत्रिका आखली. उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेत जन्म गेला, रकाने आखल्याशिवाय हात चालत नाही. कपाला ६०: फेस १०, तोंडातला भार १०, चव २५, मागे रेंगाळणारी चव १०, तापमान ५. बैठकीला ४०: आवाज, उजेड-हवा, बसायची सोय, वागणूक, प्रत्येकी १०.

आधाराला इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेचं मोजमाप लिहून घेतलं: ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब, २५ सेकंद, कपात २५ मिलिलिटर, तेही ६७ अंशांच्या आसपास. पण हल्ली आपल्याकडच्या नव्या जागांत साधारण १८ ग्रॅम पूड घालून ३६ ग्रॅम पेय काढतात. म्हणजे वजन त्यांचं आणि पट्टी दुसऱ्याची. पुतणी म्हणाली, "काका, पट्टी कशाला, आधी पिऊन तर बघू." तिला सोबत घ्यायचं ठरलं. जीभ तिची चांगली आहे. आमटीत गूळ किती पडला ते वासावरून सांगते.

मंगळवार, १७ जून, पणजी

क्र. १, फोंतेन्यास. फसलं.

कप आला तसा मी खिशातून डिजिटल थर्मामीटर काढला, काटा मांडला, काट्यावर कप ठेवला. काउंटरमागची मुलगी आत गेली. दोन मिनिटांत मालक हात पुसत बाहेर. मग टेबल पुसलं गेलं, पाण्याचे ग्लास बदलले, फ्रीजवरची एक बरणी गुपचूप हलली. निघताना मालकाने हळूच विचारलं, "सर, तुम्ही डिपार्टमेंटचे?" अन्न आणि औषध खात्याचा माणूस समजले होते मला.

दुसरा कप फुकट आणि उत्तम आला, त्यामुळे आजचे गुण खोडले. यापुढे अवजारं घरी. चमचा, मनगटावरचं घड्याळ आणि जीभ. पाण्यातले क्षार मोजायचं मीटर तेवढं पुतणीच्या पर्समध्ये राहील.

एक मात्र खात्यात जमा. कप हातात घेतला तो गार होता. पेय ५८ अंशांवर आलं होतं. यंत्राच्या डोक्यावर कप ऊबेला ठेवायची जागा असते, तिथे टिश्यूची खोकी रचली होती.

मंगळवार, २४ जून

सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण. क्र. २ बंद, क्र. ३ बंद. डोक्यावर कोपेल, फुलापानांचा मुकुट, घातलेली पोरं विहिरीत उड्या टाकत होती, आम्ही काठावर उभे राहून भिजून आलो.

शनिवार, २८ जून, बार्देश

क्र. ६ आणि क्र. ७. दोन्ही जुन्या घरांत, लाल चिऱ्याचे खांब, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी.

आज फेसाचा रकाना कोसळला. क्र. ६ च्या कपावर बोटभर जाड, तपकिरी, वाघाच्या कातडीसारखा पट्टेदार फेस. मी न पिताच ९ लिहिले. प्यायल्यावर चव करपट, रबर जळाल्यागत. क्र. ७ चा फेस पातळ, मिनिटभरात बाजूला सरकला, आणि खाली जे होतं ते माडाच्या गुळासारखं गोड.

घरी येऊन विचार केला तेव्हा माझंच हसू आलं. फेस म्हणजे बियांत भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड, दाबाखाली तेलकट द्रवात अडकून वर येतो. ताज्या भाजणीत वायू जास्त, म्हणून फेस जास्त. रोबस्टा मिसळला की आणखी जाड. म्हणजे फेस फार तर एवढंच सांगतो की बी शिळी नाही आणि दाब पुरेसा आहे. चवीची हमी तो देत नाही. मिलानच्या गॅजियाने १९४८ च्या सुमारास हाताने दांडा ओढायच्या यंत्राने कपावर हा थर आणला, तेव्हा गिऱ्हाइकांना हा काय मळ म्हणून शंका आली होती म्हणतात. आम्ही आता उलट्या टोकाला. फेसाचे १० काढून २ केले, ८ चवीला दिले.

क्र. ७ ची बाल्कांव छान, पण खुर्च्या अशा की पाठ टेकली तर कप हाताला लागत नाही आणि कप धरला तर पाठ टेकत नाही. फोटोसाठी घेतलेल्या दिसतात.

शनिवार, ५ जुलै, पणजी

घाई नडली. एका दिवसात पाच जागा. दुहेरी शॉटमध्ये, म्हणजे १८ ग्रॅमच्या एका कपात, साधारण सव्वाशे मिलिग्रॅम कॅफीन, पाचांचा हिशेब सहाशेच्या वर. तिसऱ्यानंतर सगळं सारखंच लागू लागलं. चौथ्याच्या आधी जेवणात सोलकढी प्यायलो, त्या आमसुलाने जीभ अशी बावचळली की पुढचा कप गोडूस लागला आणि मी त्याला ४८ दिले. पुतणी म्हणाली ३० सुद्धा जास्त. रात्री अडीचला कौलांवरचा पाऊस ऐकत पडलो होतो, छातीत ढोल.

नवे नियम: दिवसाला दोनच जागा. कपाआधी साधं पाणी आणि पोईचा, म्हणजे कोंड्याच्या पावाचा, कोरडा तुकडा. जेवणानंतर तासभर काही नाही. ५ जुलैचे सगळे गुण रद्द.

शनिवार, १२ जुलै, पणजी

आज एस्प्रेसो नाही. गुणपत्रिकेचीच परीक्षा घेतली.

गोव्यात कॅफे हा शब्द काही नव्याने आलेला नाही. कॅफे भोसले, कॅफे टाटो, कॅफे रियल, ही आमच्या लहानपणापासूनची नावं, आणि तिथे कॅफेचा अर्थ पातळ भाजी, पाव, मिरची भजी आणि ग्लासातला चहा. सकाळी आठला अशाच एका ठिकाणी गेलो आणि बैठकीचे ४० गुण त्याला लावून पाहिले. आवाज: १० पैकी २. बशा आपटतात, पोऱ्या ओरडतो, चार अनोळखी माणसं एका टेबलावर. बसायची सोय: ३. उजेड-हवा: ५, पंखा तेवढा जोरदार. वागणूक: काय लिहू? पाव संपायच्या आत दुसरा पाव बशीत पडतो, तोंडावर मात्र हसू नाही. ६ लिहिले. एकूण १६.

समोर एक हायकोर्टाचा वकील, बाजूला मासळीबाजारातली बाई, मी आणि कुणी एक कॉलेजचा पोर. चौघांनी मीठ एकमेकांकडे सरकवलं. दहा मिनिटांत सगळे उठले. ह्या जागेला १६ आणि फोंतेन्यासच्या शांत, कुणाशी कुणी न बोलणाऱ्या खोलीला, खोडण्याआधी, ३३, हे काही खरं नव्हे.

आवाजाचा रकाना बदलला. किती आवाज आहे हे विचारायचं नाही. माझ्या टेबलावरच्या माणसाचं मला ऐकू येतं का, एवढंच. बशांच्या खणखणाटात येतं. स्पीकरच्या गाण्यात येत नाही, कारण गाणंही शब्दांचंच असतं आणि ते बोलण्याच्या अंगावर येतं. कॉफी दळायचा आवाज आठ-दहा सेकंदांचा, तो माफ.

शनिवार, १९ जुलै, पणजी

क्र. ४. आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा दिवस.

धो धो पाऊस, दुपारचे साडेअकरा, आम्ही दोघंच. यंत्रामागे विशी-बाविशीचा मुलगा. इंग्रजीत सुरुवात केली, मी मराठीत उत्तर दिलं तसा मोकळा झाला. बेळगावचा. "काका, पाच मिनिटं थांबा, पहिले दोन शॉट देत नाही मी कुणाला."

उभं राहून बघितलं. आधी पूड भरायच्या दांड्याची जाळी कोरड्या फडक्याने पुसली, नखाने कडेचा जुना चोथा काढला. १८ ग्रॅम तोलून घेतले. पूड दांड्यात पडली ती बारीक खड्यांची, त्याने बोटाने सारखी केली आणि सपाट दाबली. यंत्राच्या डोक्यातून क्षणभर पाणी सोडलं, मग दांडा अडकवला. पहिले थेंब उशिरा आले, दहाव्या सेकंदाला, काळे, काकवीसारखे घट्ट. ३६ ग्रॅम व्हायला ४१ सेकंद लागले. त्याने चमच्याने चाखलं, तोंड वाकडं केलं, ओतून दिलं. दळणीचं कडं एक खूण मागे, म्हणजे किंचित जाडसर. दुसरा ३४ सेकंद. तोही ओतला. पुन्हा अर्धी खूण. तिसरा २८. तो कप पुतणीपुढे आला.

मी विचारलं, सकाळी लावलेलं नव्हतं का? म्हणाला, सकाळी सातला लावलं तेव्हा पाऊस नव्हता. दळलेली पूड हवेतली ओल पटकन धरते, फुगते, पाणी अडतं. मग जाड दळायचं. पण पावसाळ्यात दुसरा घोटाळाही असतो: गिऱ्हाईक नाही, किलोभर बी पंधरा दिवस पुरते, जुनी झाली की तिच्यातला वायू गेलेला, मग पाणी भसकन खाली उतरतं आणि बारीक दळावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकमेकींच्या उलट. "डिसेंबरात सोपं असतं काका. रांग लागते, बी शिळी व्हायला वेळच नाही. तेव्हा कुणीही शॉट काढेल."

हे वाक्य वहीत जसंच्या तसं घेतलं. आपण निवडलेला हंगाम अवघड आहे, पण हाताची खरी पारख ह्याच हंगामात.

कपाला ५१. बैठकीला २६, खिडकीला शिंपल्यांची जुनी तावदानं, त्यातून येणारा दुधी उजेड, पण छताचा एक कोपरा गळतो आणि खाली बादली. बादलीचे गुण कापले नाहीत. पावसात आमच्या घरीही असतेच.

शनिवार, २६ जुलै, बार्देश

काल श्रावण लागला, मासळी बंद, जिभेला बरं.

क्र. ८ मध्ये मालकीणबाई स्वतः यंत्रावर. त्यांच्या मिश्रणात मान्सून्ड मलबार. कच्च्या बिया जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या उघड्या बाजूंच्या गोदामांत पसरतात, मंगळूरकडे, मोसमी वारा लागू देतात. बी फुगते, हिरवी होती ती फिकट पिवळी होते, आंबटपणा निघून जातो. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी युरोपला पोचेपर्यंत महिनोन्महिने समुद्राची ओल खायची, तिकडच्या लोकांना तीच चव लागली. पुढे वाफेची जहाजं आली, प्रवास आखडला, चव गेली, म्हणून ती मुद्दाम किनाऱ्यावर तयार करायला लागले. आता भौगोलिक मानांकनही आहे.

आई पापडाच्या डब्यावर दोन झाकणं लावते, खाली तांदूळ घालते, ह्या चार महिन्यांत जे होऊ नये म्हणून धडपडते, तेच इथे मुद्दाम करायचं. पण हे कच्च्या बीचं. भाजलेल्या बीला तीच ओल मारते. बाईंच्या काउंटरवर भाजलेली बी उघड्या काचेच्या बरणीत, शोभेला. मी सांगितलं नाही. पुतणीने सांगितलं. बाईंना आवडलं नाही, पण आम्ही उठेस्तोवर बरणीवर झाकण आलं होतं.

चव लिहायची आमची भाषा आता बसली आहे. पाकिटावर संत्रं, जर्दाळू, अमुक बेरी असं छापतात. त्यातल्या निम्म्या बेऱ्या मी पाहिलेल्या नाहीत. आम्ही लिहितो: भाजलेली आठळी, माडाचा गूळ, आमसुलाची साल, ओल्या मातीचा वास. पाणी भसकन गेलं की चव नुसती आंबट आणि पोकळ, कैरीचं पाणी. फार वेळ अडकलं की कच्च्या काजूच्या बोंडूसारखी घसा धरते. मलबारचा कप: आठळी, थोडी सुंठ, आंबट जवळजवळ शून्य. ४४.

रविवार, ३ ऑगस्ट

पाण्याचा दिवस, घरीच. फोंडा-तिसवाडीला ओपाचं पाणी, बार्देशला अस्नोड्याचं, मडगावकडे साळावलीचं. घरच्या नळाचं मोजलं, क्षार अगदीच थोडे. कॉफीसाठी दर लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास चांगलं मानतात. पाण्यातले क्षार बीतली चव ओढून काढायला मदत करतात. फार झाले तर यंत्रात खडू साठतो. आपल्या मऊ पाण्याने यंत्रं टिकतात, ही गोव्याची मेहेरबानी. पण कॅफेवाले त्यावरही आरओ बसवतात आणि उरलेसुरले क्षारही काढून टाकतात. क्र. ३ मध्ये पुतणीने ग्लासातलं पाणी मोजलं होतं: १८. त्या दिवशीचा कप मला 'फिका, पण दोष कुठे ते कळेना' असा वाटला होता. आज निदान संशयिताचं नाव कळलं.

घरी एकच बी, नळाचं पाणी आणि आरओचं पाणी, तीन-तीन कप. बायकोला डोळे मिटून प्यायला दिले. तिने तिन्ही वेळा नळाचं ओळखलं आणि म्हणाली, आता दूध घालून एक नीट कॉफी करून दे.

रविवार, १० ऑगस्ट, पणजी

क्र. ४ ला, ५ जुलैची रद्द फेरी सोडली तर, तिसऱ्यांदा. १९ जुलैला ५१. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सहाला एकटा गेलो होतो तेव्हा ३१, आंबट आणि कोमट. यंत्रावर दुसराच कुणी होता, नुकता लागलेला, हात थरथरत होते. आज सकाळी दहाला पुन्हा बेळगावकर, ४७.

तीच जागा, तेच यंत्र, तीच बी. वीस गुणांचा फरक. आता मी बारा जागांची क्रमवारी लावली तर ती जागांची नसून कोणत्या वेळी मी दारातून आत गेलो ह्याची असेल. प्रयोगशाळेत एका वाचनावर निष्कर्ष काढणाऱ्या मुलाचं जर्नल मी परत द्यायचो.

क्रमवारी सोडली. त्याऐवजी प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी: कधी जावं, यंत्रावर कोण हवं, आणि काय विचारावं. विचारायचं ते सोपं आहे, भाजल्याची तारीख. तारीख सांगताना जो पाकीट उलटून बघतो तो चालेल. 'फ्रेश आहे सर' म्हणतो तिथे दुधाची घ्यावी.

बुधवार, २७ ऑगस्ट

चवथ. गणपतीवर माटोळी, फळापानांची चौकट, बांधली. पाच दिवस चहा आणि नेवऱ्या.

शनिवार, १३ सप्टेंबर, मडगाव

क्र. ११. कप चांगला, ४६, पण लिहायचंय बैठकीबद्दल.

खिडकीची सगळी टेबलं लॅपटॉपवाल्यांची, प्रत्येकाच्या पुढे तासाभरापूर्वीचा रिकामा कप. त्यात वाईट काही नाही, भाडं त्यांच्यावरच निघत असेल. पण आमच्या मागून एक म्हातारं जोडपं आलं, साडी, काठी, हातात औषधांची पिशवी, बहुतेक जवळच्या दवाखान्यातून. दारात उभं राहून त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली, दीडशे, एकशेऐंशी, दोनशे वीस. आतल्या मुलीने मान वर केली नाही. आजी हळूच म्हणाल्या, "हें आमचें न्हय," आणि दोघं पायऱ्या उतरले.

माझ्या वागणुकीच्या रकान्यात माझ्याशी कसं वागले तेवढंच होतं. माझ्याशी छान वागले होते. मी ८ लिहून बसलो होतो. ते खोडले नाहीत, बाजूला दुसरा आकडा लिहिला, २, आणि पुढे 'दारातल्यांशी'. मग मागच्या पानांवर जाऊन आठवेल तिथे हा दुसरा आकडा भरला. क्र. ४ ला ९: तिथे पावसात पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, आडोशाला येतात, मोटरसायकली बाहेर उभ्या करतात, कुणी काही मागवत नाही आणि बेळगावकर त्यांना पाणी देतो. क्र. १ ला लिहिता येईना. मला डिपार्टमेंटचा समजल्यावर जे झालं त्यावरून काय लिहिणार.

शनिवार, २० सप्टेंबर, फोंडा

मास्तरांना कच्चा मजकूर दाखवला. चष्मा वर करून वाचला. "छान आहे. पण पहिला नंबर कुणाचा?"

म्हटलं, नाही काढलेला.

"अरे, लोक पान उघडून तेच बघणार. दिवाळीच्या दिवसांत कोण वाचतोय सकाळी दहाला बेळगावकर असेल तेव्हाच जा म्हणून?"

वाद घातला नाही. त्यांनाही घेऊन जायचं ठरलं, क्र. ४ ला, गुरुवारी सकाळी. त्यांची एक शंका: एस्प्रेसोत साखर घातली तर चालते का? इटलीत सर्रास घालतात, हे सांगितल्यावर चेहरा उजळला.

राहिलेलं काम: क्र. २ आणि क्र. ९, दुसरी फेरी. क्र. ७ च्या खुर्च्या बदलल्यात म्हणे, बघून येणे. क्र. १ ला पुतणीला एकटीला पाठवणे, मीटरशिवाय. बारावी जागा फोंड्यातलीच, घरापासून चालत दहा मिनिटं, अजून गेलोच नाही. तिथला मालक माझा जुना विद्यार्थी आहे.